अनुभव धागा : भांडण पेटलेलं असताना स्वतःला कसं आवरता?

इंदूरच्या आपल्या मंडळींसाठी मुद्दाम धागा काढतेय. भांडण टाळायचं कसं हा विषय नकोय, ते होणारच. जॉन गॉटमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना समोरासमोर बसवून, वाद घालताना त्यांची नाडी मोजत वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यांच्या हिशोबानं नवराबायकोचे जवळपास ६९ टक्के वाद कधी सुटतच नाहीत, कारण ते स्वभावाचे आणि राहणीचे असतात. म्हणजे ते घेऊनच नांदायचंय. प्रश्न उरतो डोकं फिरलेलं असतं त्या थोड्या वेळाचा. तेव्हा नक्की काय करता ते लिहा. नवराबायको, सासूसून, बापलेक, कुठलंही नातं चालेल.

माझं सांगते. माझे आधी कान तापतात. नाडी १००च्या वर गेली की समोरचा काय म्हणतोय ते नीट डोक्यात शिरतच नाही आणि शरीर थंड व्हायला निदान २० मिनिटं लागतात, हे त्याच अभ्यासातलं. म्हणून कान तापले की मी म्हणते, "मला आत्ता ऐकू येत नाहीये, साडेनऊला बोलू." वेळ सांगायचीच. नुसतं दार आपटून आत गेलं की बाहेरच्याला वाटतं आपल्याला टाकलं. आणि त्या वेळात मनातल्या मनात पुढचं उत्तर घोळवायचं नाही, नाहीतर नाडी काही खाली येत नाही, मी कपड्यांच्या घड्या घालते.

सुदामानगरहून
मी पुण्याची, इथे सून होऊन आले. सासूबाईंशी खटके स्वयंपाकघरातच उडतात, रविवारच्या पोह्यात साखर किती, जिरावण मसाला वरून टाकायचा की ज्यानं त्यानं आपापला घ्यायचा, आणि तिथून गाडी कुठेही जाते हो. आमची सवय अशी झालीये की आवाज चढला की त्या मेथीची जुडी घेऊन बसतात आणि मी शेजारी बसते. समोर नाही, शेजारी. दोघींची नजर भाजीवर. देठ खुडता खुडता त्या म्हणतात, "तू सगळ्यांसमोर म्हणालीस ना, ते लागलं मला." हेच डोळ्यात डोळे घालून बोलल्या असत्या तर मी लगेच बाजू मांडायला लागले असते. अर्धी जुडी होईपर्यंत कोणी काही बोललं नाही तरी चालतं.

लोकमान्यनगरहून, निवृत्त बाप
मुलगा भंवरकुआंला पीएससीचा क्लास करतोय. रिझल्ट लागला की आमच्या घरात वादळ. तोंडावर येतं "तू वेळ वाया घालवून राहिलास", पण ते गिळून मी त्याच्याखाली दडलेलं वाक्य शोधतो, ते असतं "मला भीती वाटते रे, माझ्यामागे तुझं कसं होईल." मुलानंच मला सांगितलं की २००७ साली अमेरिकेत मेंदूची चित्रं काढून बघितलं होतं, चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग शांत होतो. खरं सांगतो, "भीती" म्हटल्याबरोबर माझा आवाज आपोआप खाली येतो आणि तो पण खुर्ची ओढून बसतो.

नर्सिंग करणारी, पत्ता नको
झोपण्याआधी मिटवलंच पाहिजे हे मला अजिबात पटत नाही. नाईट ड्यूटीनंतर मेंदू चालत नाही हो. "माझं तुझ्यावर प्रेम आहे, भांडण उद्याचं" एवढं म्हणून आम्ही झोपतो.

धागा काढणारी : मध्येच एक महत्त्वाचं. इथे लिहितोय ते दोघंही सुरक्षित असतील तेव्हाचं. हात उचलला जात असेल, धमकी, कोंडून ठेवणं, पैसे अडवणं असेल तर आपण शांत राहून ते थांबत नसतं आणि ती जबाबदारी सोसणाऱ्याची नाहीच. महिलांसाठी १८१ हेल्पलाईन आहे, २००५चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. प्लीज एकटं राहू नका.

पीथमपूरला नोकरी, बायको बंगळुरूला
आमचं सगळं फोनवर. एक नियम पक्का, टाईप करून भांडायचं नाही, निळ्या टिका बघत बसलं की राग दुप्पट होतो. दुसरं, २०१३च्या एका अभ्यासात १२० जोडपी होती, त्यातल्या निम्म्यांना दर चार महिन्यांनी फक्त ७ मिनिटं लिहायला सांगितलं, की आपलं भांडण दोघांचंही भलं चिंतणाऱ्या तिसऱ्या माणसाला कसं दिसेल. त्यांच्या संसारातलं समाधान टिकलं, बाकीच्यांचं घसरत गेलं. मी तो तिसरा माणूस म्हणून माझ्या आत्याला बसवतो. आत्या दोघांनाही झापते आणि दोघांच्याही पानात वाढते, तिच्या नजरेनं लिहिलं की बायको दिवसभर ऑफिस करून रिकाम्या खोलीत परतते हे आधी दिसतं, मला फोन केला नाही हे नंतर. लिहिलेलं बायकोला वाचून दाखवतो. ती पण लिहिते, तिचा तिसरा माणूस तिचे आजोबा.

टिळकनगरहून, काकू
सगळे भांडणाच्या वेळचं लिहितायत म्हणून आधीपासून लावून घ्यायच्या सवयीचं लिहिते. वादात एक कडू शब्द गेला तर पाच तरी बरे जावे लागतात, असं ते गॉटमनच म्हणतात ना? तर आमच्या यांना वाद चालू असतानाही "हे तुझं बरोबर आहे" म्हणायची सवय आहे. एखादाच मुद्दा असतो, पण म्हणतात. सुनेला मी तेच शिकवलं आणि मुलाला जास्त शिकवलं, कारण त्याला त्याची गरज जास्त होती.