राउंडच्या नोंदीखाली नाव नेमके कोणाचे असावे?

प्रश्न – निवासी डॉक्टर, मेडिसिन
केसपेपरवर कोणी काय लिहिले हे अक्षरावरूनच कळत असे आणि खाली ‘सीन बाय’ लिहून सरांची सही घेतली की काम भागे. आता राउंडची नोंद मी संगणकावर सुरू करतो, मध्येच कॅज्युअल्टीतून बोलावणे आले की सहकारी डॉक्टर तीच नोंद पुढे लिहितात आणि दुपारी युनिटप्रमुख ती अंतिम करतात. गेल्या आठवड्यात मी फुरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लिहिले होते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेले पाहून सहकाऱ्यांनी ते एकदाच केले. बदल योग्यच होता, मात्र छापील प्रतीवर तो माझ्या नावाने उमटला. अशा वेळी नोंद कोणाची मानायची?

उत्तर – रुग्णालयीन सॉफ्टवेअरचे काम करणारा
लिहिणे आणि लिहिलेल्याची जबाबदारी घेणे या दोन गोष्टी तुमच्या प्रणालीने एकाच रकान्यात कोंबलेल्या दिसतात. आरोग्यविषयक माहितीच्या देवाणघेवाणीसाठीच्या एफएचआयआर या मानकात दस्तऐवजाला एकाहून अधिक लेखक देता येतात, प्रत्येक विभागाचा लेखक वेगळा नोंदवता येतो आणि मजकूर प्रमाणित करणाऱ्याची नोंद स्वतंत्र असते. पुरवठादाराकडे आधी एवढेच मागा.

उत्तर – मेडिकल रेकॉर्ड विभाग
भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा अधिकृत प्रतिनिधीने कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात. त्या वेळी नातेवाइकांच्या हाती छापील प्रत जाते. कोणी कधी काय बदलले याचा माग मात्र सर्व्हरमध्येच राहतो. म्हणून अंतिम केलेल्या नोंदीत आम्ही कोणालाही खाडाखोड करू देत नाही. दुरुस्ती पुरवणी म्हणून, नाव आणि वेळेसह, खाली जोडली जाते आणि ती छापलीही जाते.

उत्तर – युनिटप्रमुख, शस्त्रक्रिया
ओळीओळीला नाव दिसू लागले तर नोंद वाचताच येणार नाही. औषधयोजना आणि निदान या दोन विभागांना लेखकाचे नाव असले तरी पुरे. माझी सही म्हणजे मी रुग्ण तपासला आणि योजना मला मान्य आहे, एवढाच तिचा अर्थ. तो सहीशेजारी स्पष्ट शब्दांत छापलेला असावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आमच्याकडे अंतिम केलेली नोंदही पुन्हा उघडता येते, असे आज तपासल्यावर आढळले. तूर्तास दुसऱ्याच्या नोंदीत न लिहिता, तिच्या वेळेचा उल्लेख करून स्वतंत्र नोंद करायची, असे आम्ही निवासी डॉक्टरांनी ठरवले आहे.