मदत हवी आहे: पायथन कन्सोलमध्ये प्लगिन लोड होतो, पण मराठी आज्ञा चालत नाही

नमस्कार मंडळी,

पिंपळगाव बसवंतला मामांचं कांद्याचं खळं आहे. ट्रॉल्या किती आल्या, गोल्टी (बारीक कांदा) किती निघाली, खाद (खराब माल) किती, हमाली किती, सगळं आजवर वहीत. मी सातपूरला नोकरीला, खळ्यावर जाणं रविवारीच. म्हणून एकच मोठा प्रोग्राम न लिहिता पायथनच्या सीएमडी मॉड्यूलवर (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारं तयार साधन) छोटा कन्सोल केला आणि शेजारी प्लगिनचा, म्हणजे नंतर जोडायच्या छोट्या फाईलींचा, फोल्डर ठेवला. लाल कांद्याच्या दिवसांत एक हिशेब, उन्हाळ चाळीत भरला की दुसरा. मी फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची, दिवाणजींनी फोल्डरमध्ये टाकायची, एवढंच.

कन्सोल सुरू होताना लोडर, म्हणजे प्लगिन आणणारा भाग, पीकेजीयूटिलच्या इटर_मॉड्यूल्सने फाईली शोधतो, इम्पोर्टलिबने आणतो. प्रत्येक प्लगिनमध्ये ‘नोंद’ नावाचं फंक्शन आहे, ते सेटॲटर वापरून कन्सोलच्या ऑब्जेक्टवर ‘डू_वजन’ वगैरे फंक्शनं चिकटवतं, म्हणजे ‘वजन’ आज्ञा दिली की ‘डू_वजन’ धावावं. (‘डू_’ अर्थातच रोमनमध्ये, ‘वजन’ देवनागरीत.)

आता गंमत बघा. ‘वजन’ टाइप केलं की ‘अननोन सिन्टॅक्स’. पण ‘हेल्प वजन’ केलं की माझं डॉकस्ट्रिंग (फंक्शनसोबत लिहिलेली माहिती) व्यवस्थित छापून येतं! म्हणजे प्लगिन आलाय. नुसतं ‘हेल्प’ केलं तर मात्र यादीत त्याचं नाव नाही. दोन रविवार लोडरच उकलत बसलोय. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १:
आज्ञांची नावं इंग्रजीत ठेवा, डोकेदुखी संपेल.

धागाकर्ता:
दिवाणजींचं वय ६१, मराठी कळफलक त्यांना सरावाचा झालाय. इंग्रजी टाइप करायला लावलं तर ते वहीच काढतील.

प्रतिसाद २:
लोडरला हात लावू नका, तो बरोबर आहे. सीएमडी ओळीच्या सुरुवातीपासून आज्ञेचं नाव तोडून घेतं, आणि त्यात कोणती अक्षरं चालतील ते आयडेंटकॅर्समध्ये ठरलेलं असतं: रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर. ‘व’ त्यात नाही, म्हणून नाव रिकामं निघतं. ‘हेल्प वजन’मध्ये नाव ‘हेल्प’ आहे, ‘वजन’ नुसतं त्याच्यामागे आलेलं, म्हणून ते चालतं. तुमच्या क्लासमध्ये आयडेंटकॅर्सला युनिकोडमधला ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा जोडा. मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे त्यातच येतात.

यादीचं दुखणं वेगळं. यादीसाठी नावं देणारं गेट_नेम्स क्लासची डिर (त्यातल्या नावांची यादी) बघतं, तुम्ही चिकटवलंय ऑब्जेक्टवर. ते तुमच्या क्लासमध्ये नव्याने लिहून (ओव्हरराइड) डिर(सेल्फ) परत द्या. टॅबने नाव पूर्ण होणंही त्यावरच चालतं.

एक खोच आणखी. ‘शेतकऱ्याची_पट्टी’ अशी आज्ञा असेल तर सांभाळा. काही कळफलक ‘ऱ’ एकच अक्षर टाकतात, काही ‘र’ आणि खाली नुक्ता. दिसायला सारखं, पायथनला वेगळं. प्रीसीएमडीमध्ये (आज्ञा चालण्याआधी ओळ इथून जाते) ओळ एनएफकेसीने, म्हणजे युनिकोडच्या एकसारखं करण्याच्या पद्धतीने, सारखी करून घ्या, नाव नोंदवतानाही तेच करा. आणि ‘र’, हलन्त, मग न दिसणारा जोडक (झेडडब्ल्यूजे) असं येत असेल तर त्यावर एनएफकेसी चालत नाही, तो हाताने रिप्लेस करावा लागतो.

धागाकर्ता:
चाललं!! पट्टा जोडला, ‘वजन’ लगेच धावलं. गेट_नेम्सही केलं, यादी आली. आणि हो, दिवाणजींच्या लॅपटॉपवर तो न दिसणारा जोडकच निघाला. ‘व्यापाऱ्याची_बाकी’ माझ्याकडे चालायची, त्यांच्याकडे नाही, आणि मी त्यांनाच म्हणत होतो की नीट टाइप करा.