‘बीपी सपोर्टवर आहे’ याला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (लातूर):
मामांचं आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं. आयसीयूतून निरोप आला, ‘हीमोडायनॅमिकली स्टेबल आहेत, पण सपोर्टवर.’ सपोर्ट म्हणजे व्हेंटिलेटरच, असं समजून मामी रडायलाच लागल्या. हीमोडायनॅमिक्सला ‘रक्तगतिकी’ हा शब्द वाचलाय, पण तो मामींना कसा सांगू?

उत्तर (भूलतज्ज्ञ, नांदेड):
‘रक्तगतिकी’ पुस्तकात राहू द्या. नातेवाइकांशी बोलताना ‘रक्ताभिसरण’ म्हणा. हृदयाचा जोर, रक्तवाहिन्यांचा ताण आणि अंगातलं रक्त-पाणी, सगळं त्यात येतं. रक्तदाब हे त्याचं एक माप झालं. वाहिन्या आवळल्या की आकडा चांगला दिसतो आणि हातपाय मात्र गार असतात. म्हणून आम्ही नख दाबून सोडतो आणि रंग किती वेळात परततो ते बघतो. लघवीची पिशवीही बघतो. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हावी. सरासरी दाब साधारण ६५ च्या वर ठेवायचा. ही सरासरी काढताना वरचा आकडा एकदा, खालचा दोनदा धरून बेरजेला तिनानं भागतात, कारण हृदय आकुंचनापेक्षा शिथिल जास्त वेळ असतं. १२०/८० ला ती ९३ येते.

आता ‘सपोर्ट’. बहुतेक वेळा ते नॉरअ‍ॅड्रेनालिन असतं, म्हणजे वाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध, सिरिंज पंपातून थेंबाथेंबानं जाणारं. मी सरळ सांगतो, ‘बीपी औषधाच्या आधारावर आहे, सकाळपेक्षा डोस कमी झालाय.’ डोस वाढतोय की कमी होतोय हे सांगितलंच पाहिजे. नुसतं ‘स्टेबल’ म्हणणं घरच्यांवर अन्याय आहे.

उत्तर (सिस्टर, परभणी):
‘बीपी लागत नाही’ हेही जपून वापरावं. नातेवाईक त्याचा अर्थ ‘थोडं लो आहे’ असा घेतात. आमच्या बोलण्यात त्याचा अर्थ पट्टा बांधूनही मोजता येत नाही, इतकं खाली गेलंय. ‘बीपी पडलं’ वेगळं. कमरेत भूल दिली की पायांकडच्या वाहिन्या सैलावतात, रक्त तिकडं साठतं, पेशंट म्हणतो ‘मळमळायलंय’. सलाईन आणि एखाद्या इंजेक्शननं ते बहुधा लगेच सावरतं.

प्रश्नकर्ता:
‘आधार’ पटला. डॉक्टरांना विचारून मामींना सांगितलं, श्वास त्यांचा स्वतःचा चालूय, फक्त बीपीला औषधाचा आधार दिलाय. लगेच विचारलं त्यांनी, ‘मग आधार कधी काढायलेत?’

उत्तर (भूलतज्ज्ञ, नांदेड):
एकदम काढत नाहीत. डोस थोडा कमी करायचा, बीपी टिकतं का बघायचं, मग पुढचा टप्पा. आम्ही ‘टेपर’ म्हणतो. मामींना ‘औषध हळूहळू उतरवत आणतायत’ म्हणून सांगा.