‘प्लीज रिव्हर्ट’ला शुद्ध इंग्रजी म्हणणाऱ्यांसाठी

शब्दखोर: काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं की मेलमध्ये उत्तर मागताना ‘रिप्लाय’ बाळबोध आणि ‘प्लीज रिव्हर्ट’ शुद्ध औपचारिक. साफ चूक! लॅटिन ‘री’ म्हणजे परत, ‘वर्टेरे’ म्हणजे वळणं. संस्कृत ‘वृत्’ त्याच कुळातला, म्हणून ‘प्रत्यावर्तन’ चपखल बसतं. पूर्वस्थितीला, मूळ मालकाकडे किंवा सोडलेल्या विषयाकडे जाणं, एवढाच अर्थ. भाडेपट्टा संपला की जमीन मालकाकडे ‘रिव्हर्ट’ होते. उत्तर कसं होईल? त्यात ‘रिव्हर्ट बॅक’ म्हणजे दोनदा परत.

तळटीप: ‘बॅक’चं मान्य. बाकी हट्ट आहे. भारतात, सिंगापुरात, मलेशियात लाखो लोक रोज याच अर्थाने लिहितात आणि समोरच्याला कळतं. शब्दकोशांतही भारतीय इंग्रजी म्हणून नोंद आहे. लंडनचा शिक्का कशाला हवा?

आस्थापना_शाखा: कळतं? सरकारी आस्थापनेच्या फायलीत ‘रिव्हर्ट’ म्हणजे स्थानापन्न, म्हणजे तात्पुरत्या सांभाळलेल्या, पदावरून मूळ पदावर पाठवणं. धारणाधिकार, म्हणजे कायमपणाचा हक्क, मूळ पदावर असेल तर नुसतं परत पाठवणं शिक्षा ठरत नाही. पगार किंवा ज्येष्ठता दंड म्हणून कापली तर ठरते आणि सरकारी नोकराला पदावनतीपासून संरक्षण देणारा राज्यघटनेचा अनुच्छेद ३११ लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ढिंगरा प्रकरणात हेच सांगितलं. तिथे शब्द सैल सोडून चालत नाही.

मर्जवाला: आमच्याकडेही नाही. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘रिव्हर्ट’ जुनी कमिट (नोंदवलेला बदल) पुसत नाही, तिच्या उलट बदलांची नवी कमिट करतं. पुसायचं काम ‘रीसेट’चं, आणि पुश झालेल्या (इतरांपर्यंत पोचलेल्या) शाखेवर ते केलं की इतरांच्या प्रती जुळत नाहीत. मर्ज कमिट (दोन शाखा जोडणारी) उलटवताना ‘-एम १’ देऊन मुख्य बाजू सांगावी लागते. नंतर तीच शाखा पुन्हा मर्ज केली तर उलटवलेले बदल येतच नाहीत, कारण गिटच्या लेखी ते आधीच आलेले असतात. आधी त्या रिव्हर्टलाच रिव्हर्ट करायचं.

शब्दखोर: गिटचा वर्ग वेगळा धागा काढून भरवा!

मर्जवाला: का? अर्थ चुकला की शाखा बिघडते, हाच मुद्दा आहे. कोड चालेनासा झाला आणि ‘बिल्ड पडलं, प्लीज रिव्हर्ट’ असा मेल आला तर उत्तर द्यायचं की कमिट उलटवायची?

तळटीप: बरं, कोड आणि सेवापुस्तक यांपुरतं मानलं. परदेशी ग्राहकालाही ‘गुरुवारी पाचपर्यंत कळवा’ असंच लिहीन. पण पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या मेलमधला ‘रिव्हर्ट’ मी खोडणार नाही.