मदत हवी आहे: मुलीच्या तोंडून सांगितलेली मराठी कुमार-कादंबरी

आठवी-नववीच्या वाचनगटासाठी पुस्तक शोधतेय. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ ही कादंबरी वाचून झाली. निवेदन नववीतल्या मुकुंदाचं असल्यामुळे त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर फक्त त्याच्या नजरेतून दिसते. तिच्या मनात काय चाललंय ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि गटातल्या मुलींनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. ‘वनवास’मधला लंपन वयाने लहान, ‘तोत्तोचान’ प्राथमिक शाळेतली. ॲन फ्रँकची डायरी वयाला चपखल बसते (१३ ते १५), आईशी खटके, शरीरातले बदल, सगळं आहे. पण ती कादंबरी नाही, शिवाय अनुवाद.

आत्मकथनं कृपया सुचवू नका. त्यांत मोठेपणी मागे वळून पाहणारा शहाणा सूर असतो, गोंधळ आधीच निवळलेला असतो. पाळी, प्रेम, घरातली भांडणं यांचे उल्लेख चालतील. बोलीभाषा असेल तर उत्तमच. शेवटच्या प्रकरणात बाईंनी समजूत घालून सगळं सुरळीत करणारी पुस्तकं मात्र नकोत (तीच जास्त आहेत!). पानं दोनशेच्या आत, कारण चार बैठकांत संपवायचंय. १२ प्रती लागतील.

नायिका १३ ते १६ वर्षांची, निवेदन तिचंच आणि त्याच वयातलं, अशी मूळ मराठी कादंबरी कोणती? आणि तिची छापील आवृत्ती सध्या मिळते का?