शब्दचर्चा: ‘बिस्किट’ पोर्सिलेनला मराठीत काय म्हणायचं?

– एका भाषांतरात ‘बिस्किट पोर्सिलेन’चे पुतळे आलेत, ग्रीक-रोमन देवदेवतांचे. खायचं बिस्किट वाटू नये म्हणून ‘कोरी चिनी माती’ केलंय, चालेल का?

– ताई, ‘कोरी’ नको. कोरं मडकं म्हणजे न वापरलेलं, कोरा चहा म्हणजे बिनदुधाचा, त्यामुळे वाचणाऱ्याला पुतळा नवाकोरा आहे असंच वाटणार. इथे मुद्दा झिलईचा आहे. भाजलेल्या चिनी मातीवर काचेसारखा थर चढवतात ती झिलई, आणि बिस्किट म्हणजे ती न चढवलेली, मॅट, हाताला किंचित खरखरीत लागणारी. शब्द फ्रेंच, मूळ अर्थ ‘दोनदा भाजलेलं’, आणि गंमत अशी की झिलईची भाजणी याच्या वाट्याला येतच नाही!

पण झिलई का टाळली हे कळलं की शब्द आपोआप सुचतो. फाल्कोने हा फ्रेंच शिल्पकार १७५७ मध्ये फ्रान्समधल्या सेव्रच्या पोर्सिलेन कारखान्यात शिल्पविभागाचा प्रमुख झाला, त्याचं ‘पिग्मॅलियन’ १७६३ मध्ये तिथे बिस्किटमध्ये आलं. ग्रीक कथेतला मूर्तिकार पिग्मॅलियन गुडघ्यावर बसलाय, हात जोडलेत, आणि त्याने स्वतःच घडवलेली गॅलाटिआ जिवंत होतेय. आता तिच्या बोटांवर, केसांच्या बटांवर झिलई ओतली तर बारीक खाचा भरून जातात, वर चकाकी येते, आणि दगडाचा भास जातो. त्या काळात सगळ्यांना प्राचीन संगमरवर हवा होता, म्हणून मातीला संगमरवरासारखं दिसू द्यायचं होतं. मला हा प्रसंग बिस्किटमध्येच जास्त भिडतो, कारण दगडाची बाई जिवंत होते ही गोष्टच मुळात दगड दिसला तर खरी वाटते.

– मग ‘संगमरवरी पोर्सिलेन’ म्हटलं तर?

– नाही, संगमरवर कुटून घातलाय असं वाटेल. इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकात असाच पांढरा प्रकार निघाला, त्याला पॅरोस बेटाच्या संगमरवरावरून ‘पॅरियन’ म्हणाले, तिथे दगडाचं नाव चाललं पण ते विशेषनाम होतं. तुम्ही पहिल्यांदा ‘बिनझिलईचं पोर्सिलेन, म्हणजे बिस्किट’ असं लिहा आणि पुढे नुसतं बिस्किट ठेवा. आणि ‘पोर्सिलेन’ काढून ‘चिनी माती’ करायचा मोह झाला तर एवढं लक्षात घ्या की ‘पोर्सिलेन’ हा शब्द इटालियनमधल्या कवडीच्या नावावरून आलाय, त्या गुळगुळीत पांढऱ्या कवचावरून, म्हणजे आपली कवडी त्यात आधीच आहे.