मदत हवी आहे : घोडी आणि स्वार दोघांनाही मानवेल असे खोगीर
माझ्या सहा वर्षांच्या घोडीची पाठ नियमित सरावामुळे भरत चालली असून पूर्वी नीट बसणारे खोगीर आता खांद्यांमागे आवळते. परवा खोगीर उतरवले तेव्हा सगळी पाठ घामाने ओली होती, पण खांद्यांमागे दोन्ही बाजूंना तळहाताएवढे कोरडे डाग राहिले होते, म्हणजे तिथेच जास्त दाब पडत असावा. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना ती कान मागे पाडते, ते पाहवत नाही. म्हणून पुढची लोखंडी कमान बदलता येणारे खोगीर घेण्याचा विचार आहे. कमान बदलल्याने रुंदी जुळेल हे मान्य. परंतु खोगिराखालच्या, पाठीवर टेकणाऱ्या गादीचा बाकच पाठीच्या बाकाशी जुळत नसेल, तर नुसत्या कमानीने काय साधणार, ही माझी खरी शंका आहे. शिवाय खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये आणि तिची पाठ आखूड आहे. माझ्या मांड्या मात्र लांब असल्याने मला १८ इंची बैठक लागते. १७ इंची बैठक घेऊन बाजूचे पाखे (स्वाराच्या पायांखाली येणारे चामड्याचे पल्ले) पुढे सरकवता येत असतील, तर गुडघ्यांना पुरेशी जागा मिळेल का? गादी लोकरीची बरी की हवेची? ज्यांनी असे खोगीर प्रत्यक्ष वापरले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.